शेवटच्या पानापर्यंत

आमचे घरमालक गाणं कधी जवळून ऐकत नसत. रेकॉर्डवर सुई टेकवायची आणि तिथून चालू पडायचं, ही त्यांची पद्धत. खळ्याच्या पलीकडे, विहिरीच्या पलीकडे, जिथे सूर जेमतेम पोचेल तिथे जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे. खांद्यावर टॉवेल. टॉवेल वर केला की आवाज वाढवायचा, खाली सोडला की कमी करायचा, आणि गरगर फिरवला की सुई अडकली आहे, धावत जा. हे सगळं मला शिकावं लागलं, कारण यंत्रापाशी बसायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मी आरोंद्याला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा. पण गावात मला डाक्टरच म्हणतात आणि मीही आता कोणाला दुरुस्त करत नाही. घर वैभववाडीला. बायको, आजारी वडील, थोडी भातशेती तिकडे. मी इकडे खाडीकाठच्या एका ख्रिश्चन घराच्या एका खोलीत, भाड्याने. अशा घरमालकाला इथे पात्रांव म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. ते माझ्याशी मालवणीत बोलत, मी त्यांना दवाखान्यातल्या मराठीत उत्तर देई. बोली मलाही येते. पण दिवसभर लोकांच्या दारात जाऊन तसं बोलायची सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्या भाषेत माणूस जरा लांब राहतो.

पात्रांवांचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, सत्यनारायण, कपेलाचं फेस्त म्हणजे ख्रिश्चनांची जत्रा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे त्यांचा कर्णा. माडावर कर्णा चढवायचा, खाली टेबलावर यंत्र, आणि यंत्रापाशी त्यांची बायको. ती रेकॉर्ड बदलायची आणि ते मांडवभर फिरत शेवटी पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. त्यांचं सगळं मोजमाप पंगतीवरून. “शेवटच्या पानार गाणां पोचाक व्हया,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी कंटाळा यायचा.

शेवटच्या पानावर कोण बसतं? लांबची आत्या, न बोलावता आलेली म्हातारी, गडीमाणसं. एका लग्नात त्यांनी अशाच एका म्हातारीला वाकून विचारलं होतं, “आये, आयकाक येता गो?” तिने वर बघून सांगितलं, “गाणां पोचलां रे झिला. भात खंय आसा?” ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी वाढप्यांना शोधून आणलं आणि म्हातारीच्या पानावर भात पडेपर्यंत पुढची रेकॉर्ड लावू दिली नाही. यजमान चिडला. त्याने पुन्हा कधी त्यांना बोलावलं नाही.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं: “जवळचो माणूस खोटां आयकता.” यंत्रापाशी बसलेल्याला सगळं चांगलंच वाटतं, त्याचं काही धरू नये, असा त्याचा अर्थ. त्या वेळी मला ते नुसतं धंद्यातलं बोलणं वाटलं.

फोनवर बोलायच्या आधी ते मोबाइलमध्ये दोनदा फुंकायचे. फू, फू. मग बोटाने टकटक. मग “हॅलो.” मुलगी वसईहून फोन करायची तिला याची सवय होती. नव्या माणसाला वाटायचं कोणी उगाच छळतंय. माझ्या बायकोने एकदा मला फोन लावला तेव्हा त्यांनी उचलला; तिने घाबरून ठेवून दिला आणि नंतर मला विचारलं, तुमच्या घरात कोणाला दमा आहे का.

मी राहायला आलो तेव्हा त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. कर्ण्याचा धंदा त्याआधीच संपला होता. जुनं यंत्र उधईने खाल्लं, तबकड्या मात्र पत्र्याच्या ट्रंकेत राहिल्या, प्रत्येकीला जुन्या साडीच्या तुकड्याचं पांघरूण. मुलीला वाटायचं वडिलांनी वसईला यावं. ते नाही म्हणायचे. ती दर आठवड्याला मला फोन करायची: पपा जेवतात का, पडले-बिडले नाहीत ना, एकटे राहू शकतात ना. मी सांगायचो, राहतात. तिचा निर्णय माझ्या उत्तरावर होता, हे तिला ठाऊक होतं, मलाही, आणि बहुतेक त्यांनाही. ते या घरात राहणार की नाही, हे माझ्यासारख्या भाडेकरूने ठरवायचं, ही गोष्ट मला कधीच बरी वाटली नाही. पण मी ती नाकारलीही नाही.

मग तिने ते यंत्र पाठवलं. रेकॉर्ड वाजवणारं, पण नव्या पद्धतीचं, ब्लूटूथवालं, सोबत पाव किलोच्या डब्याएवढा एक स्पीकर. मला फोनवर म्हणाली, “भाऊ, तेवढं जोडून द्या. पपांचा वेळ जाईल, घरात बसून ऐकतील.” घरात बसून ऐकतील, यावरून मला कळलं की तिला आपले वडील फारसे ठाऊक नाहीत.

रविवार होता आणि मी घरी गेलो नव्हतो. गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचत फिरून अंग मोडून आलं होतं. पुठ्ठ्याचा खोका फोडला. रबरी पट्टा चाकावरून फिरवून घेतला, वर थाळी बसवली, थाळीवर कापडी चकती. पात्रांवांनी पातळी बघायला बशीत पाणी घेऊन थाळीवर ठेवलं आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पाणी स्थिर झालं तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. मग सुईचा हात. त्याच्या शेपटीला एक वजन असतं; ते मागेपुढे फिरवत हात हवेत आडवा तरंगेल असं करायचं आणि मग सुईला हवा तेवढाच भार द्यायचा. सोबतच्या कागदावर तसं चित्र होतं. मी ते करत बसलो तोवर त्यांनी खिशातून रुपया काढून सरळ सुईच्या डोक्यावर ठेवला. मांडवात पोरं नाचली की जमीन हादरायची, सुई उडायची, म्हणून जन्मभर ते नाणं ठेवत आले होते. मी म्हटलं, पात्रांव, याने तबकडी घासून जाईल, इथे कोण नाचतंय. त्यांनी नाणं काढलं. मी नसताना ते परत ठेवतात हे मला नंतर कळलं.

मग बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायला लागला.

“ह्यां कोणाक डोळो मारता?”

मी सांगितलं, स्पीकरला शोधतंय. वायर नाही. एकदा दोघांची ओळख झाली की पुढच्या वेळी आपणहून जुळतात, आपल्याला काही करावं लागत नाही.

“माझी बायल पण तशीच होती,” म्हणाले. “सांगूचा लागा नाय.”

दिवा स्थिर झाला. त्यांनी सुई टेकवली. या यंत्रात एक गंमत आहे: सुई तबकडीला लागते आणि आवाज स्पीकरमधून किंचित मागाहून येतो. आपल्याला ते जाणवतही नाही. त्यांना लगेच जाणवलं. मला वाटलं आता खोका परत जाणार. पण ते खूश झाले. “बरां आसा. माका भायर पडाक येळ गावता.” आणि गाणं सुरू व्हायच्या आत ते दोन पावलं दाराकडे गेलेसुद्धा.

त्या दिवसापासून माझ्या संध्याकाळी गेल्या. स्पीकर कापडी पिशवीत घालून मी पडवीच्या खुंटीला अडकवायचो, कारण वर चिमण्या घाण करत. मी यंत्रापाशी, ते बाहेर. आधी विहिरीपर्यंत. मग फणसापर्यंत. मी एकदा सुचवलं, पिशवी खांद्याला लावून न्या की, म्हणजे हवं तिथे ऐकू येईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुराला चुकीचं औषध दिलंय. “गाणां काखेत मारून नेल्यार तां लांब गेलां असां कसां म्हणतलंस?” तरी एकदा नेऊन पाहिलं. विहीर ओलांडली तसा आवाज तुटक झाला आणि बंद पडला. ते परत फिरले, पिशवी खुंटीला लावली, पुन्हा तो विषय काढला नाही.

पावसाळा सरल्यावर ते खाडीच्या बांधापर्यंत गेले. एवढा लहान स्पीकर, आवाज तिथवर पोचायचा नाही. पण तिन्हीसांजेला खाडीवरचा वारा पडतो तेव्हा थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि तेवढ्यात पोचायचा. ते बांधावर पाठ फिरवून वारा पडायची वाट पाहत. मी आत बसून त्यांचा टॉवेल पाहत. टॉवेल खांद्यावरच राहिला म्हणजे पोचलं. मग ते परत यायचे, पेजेचं भांडं चुलीवर ठेवायचे, आणि मला ‘ये जेवाक’ म्हणायचे. मी दमलेलो असायचो. दवाखान्यात गुरं, घरी वडील, इथे हे. मला वाटायचं, कोणीतरी यातलं एक तरी ओझं उचलावं. हे मी तेव्हा स्वतःशीही नीट बोललो नव्हतो.

आता ती गोष्ट. मी इतके दिवस कोणाला सांगितली नाही.

स्पीकरच्या चार्जरची पिन त्यांच्याकडे मोडली होती. म्हणून मी तो माझ्या खोलीत, माझ्या चार्जरला लावायचो. त्या शनिवारी मला घरी जायचं होतं; एसटी गाठायच्या घाईत स्पीकर तसाच चार्जरला राहिला, चालू. मी खोलीला कुलूप लावलं आणि निघालो. पडवीत खुंटीला नुसती पिशवी लटकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नाही म्हणून त्यांनी स्वतःच सुई टेकवली. आणि नेहमीप्रमाणे गाणं सुरू व्हायच्या आत चालू पडले. जाताना पिशवी दिसली, ठीक आहे. आत यंत्राने आपला ओळखीचा स्पीकर शोधला, भिंतीपलीकडे, आणि गाणं माझ्या बंद खोलीत वाजायला लागलं.

ते बांधावर उभे. गाणं येईना. त्यांना वाटलं वारा पडलेला नाही. मग वारा पडला, तरी येईना. ते थांबले. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं: पोचत नसेल तर थांबायचं, यंत्रापाशी बायको आहे, ती बघेल. खाडीला भरती लागली. बांधाकडची पायवाट खोलगट आहे, ती आधी बुडते. काळोख पडताना मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीने त्यांना पाहिलं. कमरेपर्यंत पाण्यात, टॉवेल वर धरून.

त्या रात्री मी शेवटच्या एसटीने परतलो तेव्हा पडवीत माणसं होती, पात्रांव घोंगडीत गुंडाळलेले. मी माझी खोली उघडायला गेलो तर आतून आवाज येत होता. खर्र, खर्र, खर्र. रेकॉर्ड संपली होती आणि सुई आतल्या रेघेत फिरत होती. मी कुलूप काढलं, आत गेलो, दार लोटलं आणि स्पीकर बंद केला. बाहेर कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलीचा फोन आला. मी तिला सांगितलं की पपांनी रेकॉर्ड लावली आणि बांधावर गेले. त्यांना ती ऐकू आली नाही, म्हणून तिथेच थांबले. यातला शब्द न् शब्द खरा होता. तिने विचारलं, “म्हणजे कान गेले का त्यांचे?” मी म्हटलं, वय झालंय. ती रडली. मी तिला धीर दिला. फोन ठेवताना मला हलकं वाटलं, तेही सांगून टाकतो. आता संध्याकाळी माझ्या होतील असं वाटलं.

ती गाडी घेऊन आली. पात्रांवांनी वाद घातला नाही, याचंच मला आश्चर्य. गाडीत बसायच्या आधी मला बाजूला घेतलं.

“डाक्टर, तू इलंस तेव्हा यंत्र चालू होतां?”

“हो.”

“गाणां वाजत होतां?”

मी म्हटलं, “हो, वाजत होतं.”

त्यांनी मान हलवली. “म्हणजे कानच गेले,” म्हणाले. मग यंत्राकडे बोट दाखवून, “ह्यां तू ठेव. भयऱ्याक कित्याक?”

गाडी गेली. मी यंत्रावर चादर टाकली.

वसईला मुलीने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. पात्रांवांनी ते मानलं नाही. “तो जवळसून तपासता,” म्हणाले. तरी मुलीने कानातलं मशीन घेऊन दिलं. त्यांनी ते खणात ठेवून दिलं. टीव्हीवर गाणं लागलं की उठून आत जात. मुलीने मला हे सगळं काळजीने सांगितलं, आणि आणखी एक गोष्ट सहज सांगितली: “पपा हल्ली फोनमध्ये फुंकत नाहीत.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तरी मी काही बोललो नाही. माझ्या संध्याकाळी माझ्याच होत्या. मी खाटेवर पडून मोबाइल बघत बसायचो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. घर विकायचं म्हणत होती. तिची इच्छा नव्हती, पण पपाच म्हणतात, विकून टाक, तिकडे आता काय ऐकायचं राहिलंय. मला खोली बघावी लागेल म्हणून आधी सांगितलं, असं म्हणाली. चांगली बाई आहे.

मी पडवीत उभा होतो. खुंटीला ती पिशवी अजून होती. मी तिला म्हटलं, एक गोष्ट ऐका. आणि सांगितलं सगळं. स्पीकर, चार्जर, कुलूप, खर्र खर्र. संपल्यावर म्हणाली, “हे मला का सांगताय, भाऊ? त्यांना सांगा.” आणि फोन त्यांच्या हातात दिला. मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. कारण या वेळी मला त्यांच्या बोलीत सांगावं लागलं. दवाखान्यातली मराठी तोंडातून येईना.

मला वाटलं फोन ठेवला.

मग, फू, फू. आणि बोटाने टकटक.

“म्हणजे तुझ्या खोलयेत वाजत होतां?”

“होय, पात्रांव.”

“मेल्या,” ते म्हणाले, “इतके दिवस माका भयरो करून ठेवलंस.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता. मी म्हटलं, माका माफ करा. त्यावर ते काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत. त्यांनी विचारलं, यंत्र चालतं का? मी म्हटलं, चालतं असेल. चादर काढ, म्हणाले. कुठली रेकॉर्ड वर आहे? त्या दिवशीचीच होती. मी काढलीच नव्हती. पिशवीत स्पीकर घाल, खुंटीला लाव. मी लावला. रुपया आसा? मी खिशातून नाणं काढून सुईच्या डोक्यावर ठेवलं. निळा दिवा लुकलुकला, स्थिर झाला.

“आता सुई टेकय, आणि फोन घेवन बांधार जा. सुरू जाईसर थांबा नको.”

मी चालू पडलो. विहीर, फणस, मग ती खोलगट पायवाट. तिन्हीसांजा व्हायला अजून वेळ होता. खाडीवरून सपाटून वारा येत होता. बांधावर पोचलो, घराकडे पाठ केली, फोन हातात वर धरला. वाऱ्याचा आवाज, खाली चिखलात पाण्याची चुळूकचुळूक. पलीकडे ते श्वास रोखून ऐकत होते हे मला कळत होतं.

“पोचलां?”

हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं क्षणभर मनात आलं. हे असंच मनात येतं माझ्या.

“नाय, पात्रांव. नाय पोचलां.”

“माका पण आयकाक येवक नाय,” म्हणाले. “म्हणजे कान बरोबर आसत.”

मग त्यांनी लांब कोणाला तरी, बहुधा मुलीला, सांगितलं की घराचां काय ता मागीर बघूया. आणि पुन्हा फोनमध्ये:

“डाक्टर, आसस मा? थंयच थांब. वारो पडांदे. आणि पाणी इलां तर मागे फिर.”